घाटाची शर्यत आणि डावं फुप्फुस

मला क्षय झाला होता. आमच्या घरात हे वाक्य कुणी पूर्ण उच्चारलं नाही, म्हणून ते पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. आता मी बरा आहे. डॉक्टर तसं सांगतात, आणि एक्स-रेची फिल्म खिडकीपाशी धरली की मलाही ते दिसतं, किंवा दिसतं असं वाटतं.

या आजारावर पुस्तकं आहेत. ती अंथरुणात पडून वाचू नयेत. त्यांत फुप्फुसाबद्दल सगळं असतं, पण ते फुप्फुस ज्याचं आहे त्याच्या आईबद्दल, शेजाऱ्यांबद्दल, व्यायामशाळेबद्दल एक अक्षर नसतं. मला ताप झाला तो बराचसा या मंडळींचा. जे कुणी आज अंथरुणावर आहेत, किंवा ज्यांच्या घरात कुणी खोकतं आहे, त्यांच्या उपयोगी पडेल तेवढंच लिहितो.

हलका झालास

मी लालबागला राहतो आणि गिरगावातल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक आहे. सकाळी धावायचो. परळवरून शीवला, तिथून अँटॉप हिलचा चढ घेऊन परत. आमच्या गल्लीतली व्यायामशाळा मूळची मल्लखांबाची. तिला धावण्याचं वेड लावलं दत्तारामने. तो गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करतो, माझ्याच वयाचा आहे, आणि धावण्यासंबंधी त्याची मतं वेदवाक्यासारखी असतात.

घाटमाथ्यावरच्या एका लहान गावात दर हिवाळ्यात शर्यत होते. तिला सगळे मॅरेथॉन म्हणतात. अंतर खऱ्या मॅरेथॉनच्या जवळपासही नाही. एकदा आमच्या पानावर मी तो शब्द काढून ‘लांब पल्ल्याची शर्यत’ केलं, तर दत्ताराम माझ्याशी कित्येक दिवस बोलला नाही. रस्ता बाजारातून निघतो, तळ्याला वळसा घालतो, कारवीच्या रानातून देवीच्या देवळापर्यंत चढतो आणि दुसऱ्या अंगाने उतरतो. एका बाजूला दरी, दरीत धुकं. पाहुणे त्या देखाव्याची फार स्तुती करतात. धावणाऱ्याला पुढच्याची टाच दिसते.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. रोज सभा, रोज मोर्चा, तारा येत राहायच्या, पानं फोडून पुन्हा लावावी लागायची. जेवण वेळेवर नव्हतं. त्यामुळे मला खोकला लागला, वजन उतरलं, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. दत्तारामला तर आनंद झाला.

“वश्या, गालफडं बसली तुझी,” तो म्हणाला. “आता चढणीला उडशील.”

“खोकला येतोय रे.”

“गिरणीत ये एकदा. खोकला काय असतो ते दाखवतो.”

संध्याकाळी अंग कोमट लागायचं. माझी बायको सुमती कपाळावर हात ठेवून म्हणायची, “अहो, हे बरं लक्षण नाही.” मी ते दत्तारामला सांगितलं. तो म्हणाला, तापलेलं अंग म्हणजे तयार अंग. व्यायामशाळेतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मला दम लागतो म्हटल्यावर त्यांनी त्यावर उपाय काढला. चाळीचे जिने चढायचे आणि उतरायचे, आणि वर कच्ची अंडी.

आजारी माणूस कसा दिसतो याची प्रत्येकाची काही कल्पना असते. आमच्यात आजारी माणूस सुटलेला, सुस्त, जांभया देणारा असा असतो. मी सडपातळ होतो, गाल तांबूस होते, डोळे चमकत होते. व्यायामशाळेच्या हिशेबाने माझी प्रकृती इतकी उत्तम कधीच नव्हती.

त्या शर्यतीत माझा तिसरा नंबर आला. देवीच्या चढणीवर खोकल्याची उबळ आली, रुमाल तोंडाला लावला, तो लाल झाला. मी धावत राहिलो. खाली उतरल्यावर दत्तारामने रुमाल पाहिला.

“घोळणा फुटला,” तो म्हणाला. “थंडीने फुटतो. कांदा हुंग.”

मी कांदा हुंगला. गळ्यात हार होता.

फिल्म

सुमतीने कांद्यावर विश्वास ठेवला नाही. तिने मला परळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली, फोटो काढायला पाठवलं. दोन दिवसांनी फिल्म खिडकीकडे धरून ते बराच वेळ उभे राहिले.

“काय करता?”

“वर्तमानपत्रात आहे.”

“त्याशिवाय?”

“धावतो.”

“कुठे?”

मी घाटाची शर्यत सांगितली. तिसरा नंबरही सांगितला. डॉक्टरांनी फिल्म खाली घेतली आणि आधी माझ्याकडे, मग सुमतीकडे पाहिलं.

“यांना कुणी अडवलं नाही?”

“मी अडवत होते,” सुमती म्हणाली.

डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी होती. लिंबाएवढी, असं त्यांनी सांगितलं. इस्पितळात पडून राहायचं, सुया घ्यायच्या, गोळ्या घ्यायच्या. “पडून म्हणजे पडून,” ते म्हणाले. “उशीला टेकून बसणं म्हणजे पडणं नव्हे.” मी पुढच्या हिवाळ्याच्या शर्यतीचं विचारलं. का विचारलं ते मला आजही सांगता येणार नाही. दुसरं काही विचारायला सुचलं नाही एवढं खरं.

ते चष्मा पुसत होते. “पुढच्या हिवाळ्यात तुम्ही असलात तर बोलू,” म्हणाले. त्यात कठोरपणा नव्हता.

रस्त्यावर सुमती रडली नाही. म्हणाली, “सासूबाईंना मी सांगते. तुम्ही सांगितलंत तर बातमी दिल्यासारखं सांगाल.”

गावाक गेलो

आईने ऐकून घेतलं, उठून दाराला कडी लावली, आणि पहिला प्रश्न विचारला, “आता कुंदाचा कसा होतला?”

कुंदा माझी धाकटी बहीण. तिचं परळला जवळजवळ जमलं होतं. मुलाचा मामा आमच्या व्यायामशाळेतला. क्षयाचं घर म्हटलं की सोयरीक मोडते, हे आईला कुणी शिकवायला नको होतं.

“ह्या आजाराचा नाव घरात काढूचा नाय,” ती म्हणाली. “सगळ्यांका सांगतंय, वसंतो गावाक गेलो.”

लालबागच्या मालवणी घरात ही सबब सर्वांत पक्की. प्रत्येक बिऱ्हाडातलं कुणीतरी कायम गावी असतंच. लावणीला, कौलं शाकारायला, भावकीच्या खटल्याला. कशाला गेला, कधी येणार, असं कुणी विचारत नाही. मी घरापासून चालत जाता येईल अशा इस्पितळात, कॉटन ग्रीनच्या गोदामांची छपरं दिसतील अशा खिडकीशी पडलो होतो, आणि लालबागेत मात्र मी कणकवलीच्या पलीकडे होतो. खरं फक्त कचेरीत माहीत होतं.

आईच्या योजनेत एकच खोट होती. गावी गेलेला माणूस सगळ्यांच्या उपयोगी पडतो. शेजारपाजारचे सुमतीला गाठून निरोप देऊ लागले. आमच्या पडवीचा वासा बघून यायला सांगा. आमच्या काकीला लुगडं पोचलं का विचारा. येताना कोकमाची सोलं आणा. काही काळाने सोलांसाठी तगादा लागला. शेवटी आईने लालबागच्याच बाजारातून सोलं घेतली आणि गावाहून आली म्हणून वाटली.

“गावच्या सोलांची चव वेगळीच,” शेजारच्या मावशी म्हणाल्या.

सुमतीने हे मला इस्पितळात सांगितलं तेव्हा ती हसत होती. मला हसायची मनाई होती, कारण हसलो की खोकला यायचा. बातमीची खात्री करून घेणं हा माझा धंदा, आणि अख्ख्या चाळीत सर्वांत खोटी बातमी मी स्वतः होतो.

पडून राहणं

इस्पितळातला दिवस असा. उजाडायच्या सुमारास ताप बघायचा. मग चहा. मग सुई, एक दिवस डाव्या कुल्ल्यावर, एक दिवस उजव्या, असं करत दोन्ही बाजू सारख्याच दुखू लागायच्या. मग एक पांढरी पूड पाण्यातून. तिची चव वर्णन करत नाही, ज्यांनी घेतली आहे त्यांना गरज नाही आणि ज्यांना घ्यायची आहे त्यांना घाबरवण्यात अर्थ नाही. नाक दाबून घ्यावी, वर लिंबाची फोड चोखावी. बाकी वेळ पडून राहायचं.

धावणाऱ्याला पडून राहा म्हणणं सोपं आहे. पाय ऐकत नाहीत. पहाटे जाग आली की पोटऱ्या आपोआप ताठ व्हायच्या. शौचालय वॉर्डच्या टोकाला, पण मला भांडं. एकदा मी गुपचूप चालत गेलो. परत येताना सिस्टरबाई पलंगापाशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

“शर्यतीत पळता म्हणे?”

“हो.”

“इथे जो सर्वांत कमी हलतो त्याचा पहिला नंबर. तुमचा शेवटचा आहे.”

शेजारच्या पलंगावर कांबळे होता. परळच्या रेल्वे कारखान्यात फिटर, नायगावला राहणारा. त्याच्या भोवती सतत माणसं. त्याच्या घरच्यांनी आदल्याच वर्षी बौद्ध धम्म घेतला होता. त्याची आई पलंगाशी बसून हळू आवाजात त्रिशरण म्हणायची, मग डबा उघडायची. चाळीतले लोक पाळीपाळीने यायचे आणि भेटीची वेळ संपली की सिस्टरबाईंशी वाद घालायचे.

“तुमचं कुणी येत नाही?” त्याने मला विचारलं.

“बायको येते. बाकीच्यांना माहीत नाही. मी गावी गेलोय.”

“बरं. मग भातं कशी आहेत तिकडे?”

त्यानंतर रोज सकाळी तो मला भातांची चौकशी करायचा.

मी एकदा त्याला विचारलं, चाळीत सगळ्यांना सांगितलंस ते कसं. तो म्हणाला, “लपवायला जागा कुठेय? दहा बाय दहाची खोली. खोकलो की चौथ्या खोलीतली म्हातारी विचारते, औषध घेतलं का.” मग म्हणाला, “सांगितलं म्हणून भावाच्या पोरांना तपासून घेतलं. थोरलीला निघाला. सुरुवातीलाच निघाला, ती घरी राहून औषध घेते. नाहीतर तीही इथे आली असती, काकाच्या पाठोपाठ.”

हे ऐकल्यावर मी सुमतीच्या मागे लागलो. घरातल्या सगळ्यांचे फोटो काढा. आई परळला जायला तयार नव्हती, कुणी पाहिलं तर. मग तिघीजणी गिरगावात देवीच्या दर्शनाला म्हणून गेल्या आणि छातीचे फोटो काढून आल्या. तिघींचेही स्वच्छ. आजारपणात सुटकेचा श्वास मी पहिल्यांदा त्या दिवशी सोडला, आणि तोही अर्धाच, कारण पूर्ण सोडला की दुखायचं.

वर्तमानपत्र वाचायला परवानगी होती. ते माझ्या प्रकृतीला हानिकारक होतं. मराठी माणसाच्या आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या घडामोडी चालल्या होत्या आणि मी त्या दुसऱ्या दिवशी, दुसऱ्याने लावलेल्या मथळ्यांखाली वाचत होतो. माझ्या जागी बसलेल्याने एका सभेच्या बातमीत सभा कुठे झाली तेच लिहिलं नव्हतं. माझा ताप त्या दिवशी एक डिग्रीने चढला.

एका दुपारी बाहेरच्या रस्त्याने मोर्चा गेला. वॉर्डातली माणसं कोपरांवर उठली. सिस्टरबाई दारात येऊन म्हणाल्या, “कुणी ओरडायचं नाही. महाराष्ट्र तुमच्या आवाजाशिवाय होईल.” कांबळेने मूठ वर केली आणि कुजबुजत म्हटलं, “मुंबईसह...” सगळा वॉर्ड कुजबुजला, “संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.” सिस्टरबाई गेल्या नाहीत. दारात पाठ करून उभ्या राहिल्या.

भीतीबद्दल लिहायचं राहिलं. भीती रात्री वाटते असं म्हणतात. मला दुपारी जेवणानंतर वाटायची. व्हरांड्याच्या कठड्यावर गाद्या उन्हात टाकलेल्या असत. गादी उन्हात पडली म्हणजे पलंग रिकामा झाला. माणूस बरा होऊन घरी गेला तरी गादी उन्हात, आणि दुसऱ्या तऱ्हेने गेला तरी उन्हात. पलंगावरून नुसती गादी दिसायची. मी विचारायचो नाही. एक दिवस कांबळेची गादी उन्हात पडली, पण तो घरी गेला होता, स्वतःच्या पायांनी, सर्व चाळ बरोबर. जाताना म्हणाला, “कापणी झाली की या परत.”

सुटलास

सुट्टी देताना डॉक्टरांनी नियम सांगितला. पोकळी मिटली होती. औषध अजून पुष्कळ दिवस घ्यायचं होतं. चालायला हरकत नाही, चढ चढायलाही नाही, पण चालता चालता बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं की थांबायचं. “धावणं या वर्षी नाही. धावलात आणि हे पुन्हा उघडलं, तर पुन्हा मिटेल अशी हमी मी देणार नाही.”

महिनोन्‌महिने पडून राहून, दूध आणि अंडी खाऊन माझं अंग भरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा पोट दिसत होतं. चाळीत शिरलो तेव्हा सगळे खूश झाले. गावचं पाणी मानवलं. दत्ताराम तेवढा खूश नव्हता. त्याने माझ्या पोटाला बोट लावलं.

“घावणे खाऊन सुटलास की रे. तब्येतीची पार वाट लावलीस.”

फुप्फुसात लिंबाएवढं भोक होतं तेव्हा तब्येत उत्तम. ते मिटलं तेव्हा वाट लागलेली.

“नाव दिलंय तुझं,” तो म्हणाला. “उडायचं राहू दे, पण यायचं. पाच जण लागतात सांघिक ढालीला. तुझ्याशिवाय चार आहेत.”

घरी आईला म्हटलं, आता सांगून टाकू. ती म्हणाली, कुंदाचं लग्न वैशाखात, तोवर तोंड उघडायचं नाही. मुलाचा मामा व्यायामशाळेत रोज येतो. मी म्हटलं, मग गुडघा दुखतो म्हणून सांगतो.

“मगे दत्ताराम हाडवैद घेवन येतलो,” आई म्हणाली. “तो गुडघो बघतलो, आणि गुडघ्याक काय नाय म्हणान सगळ्यांका सांगतलो.”

हे खरं होतं. सुमती आतून ऐकत होती. ती सासूसमोर सहसा बोलत नाही.

“सासूबाई, यांच्या फुप्फुसाला कुंदाच्या लग्नाची तिथी कळते का?”

कुंदा भाजी निवडत बसली होती, तिने मान वर केली नाही. तिने होणाऱ्या नवऱ्याला सगळं आधीच सांगून टाकलं होतं, हे आम्हाला लग्नानंतर कळलं. तो म्हणाला होता, गिरणगावात कुणाच्या घरी नाही? म्हणजे मामा, हाडवैद्य, सोलं, गिरगावची देवी, सगळं वाया. कुंदाला विचारलं, बोलली का नाहीस. म्हणाली, मला कुणी विचारलं?

मी सुमतीला शब्द दिला. जाईन, सुरुवातीला लोकांत मिसळेन, मग चालेन. शर्यतीत शेवटून पहिला येईन. ती म्हणाली, “तुम्हाला चालता येत नाही. तुम्हाला पळताच येतं किंवा पडताच येतं.”

तिचं म्हणणं मी खोडून काढलं नाही. मला धावायचं होतं.

देवीची चढण

बाजारात शर्यत सुटली आणि पायांनी माझं ऐकणं सोडलं. थंडी होती, रस्ता ओला होता, दोन्ही बाजूंना मफलर गुंडाळलेली माणसं टाळ्या वाजवत होती. मी म्हटलं, तळ्यापर्यंत. तळं आलं, म्हटलं, वळसा संपेपर्यंत. छातीत काही होत नव्हतं. आजारपण कुणा दुसऱ्याला झालं होतं असं वाटायला लागलं. कारवीचं रान सुरू झालं, रस्ता वर वळला, आणि मी धावतच होतो.

मग डॉक्टरांचा नियम आठवला. वाक्य बोलून पाहावं म्हणून मोठ्याने म्हटलं, “मंत्रिमंडळाच्या बैठकीत आज...” पुढचा शब्द निघाला नाही. मी पुन्हा सुरू केलं. ‘मंत्रिमंडळाच्या’ एवढंच निघालं. डाव्या बरगडीखाली कुणी तरी आतून बोट दाबतंय असं वाटलं.

मी थांबलो. कठड्याला धरून उभा राहिलो आणि थुंकून पाहिलं. पांढरं होतं. पुन्हा पाहिलं. पांढरंच. मग चालायला लागलो. मागचे सगळे मला ओलांडून गेले. व्यायामशाळेतला एकजण जाताना ओरडला, “ढाल गेली!”

थोड्या वेळाने वरच्या वळणावरून दत्ताराम उलटा येताना दिसला. माझा पत्ता नाही म्हणून तो शर्यत सोडून परत फिरला होता.

“काय झालं? गोळा आला?”

“नाही.”

“मग पळ की. देऊळ दिसतंय.”

“पळायचं नाहीये मला.”

“आयला, वश्या, लोक बघतायत.”

“मला क्षय झाला होता,” मी म्हटलं. “गावी नव्हतो. इस्पितळात होतो. डाव्या बाजूला पोकळी होती. पळालो तर पुन्हा उघडेल.”

त्याने आधी आजूबाजूला पाहिलं. कठड्यावर एक शेळी होती, बाकी कुणी नव्हतं. मग तो रस्त्याच्या दुसऱ्या कडेला गेला आणि तिथून माझ्या बरोबरीने चालू लागला. मध्ये सगळा रस्ता. मला राग आला नाही. कंटाळा आला.

एक वळण गेलं. तो म्हणाला, “बरं केलंस मला सांगितलंस. आता दुसऱ्या कुणाला सांगू नको.”

चढ सुरूच होता. बोललो असतो तर वाक्य तुटलं असतं.

अजून एक वळण गेलं.

“मागच्या वर्षी वजन उतरलेलं तुझं, ते त्याच्यामुळे?”

“हो.”

“आणि संध्याकाळचं अंग तापायचं?”

“तेही.”

“मी म्हटलेलं, हलका झालास.”

“म्हटलं होतंस.”

तो रस्त्याच्या मधोमध आला आणि उभा राहिला. खाली दरीकडे बघत होता, पण बघण्यासारखं तिथे काही नव्हतं, सगळं धुकंच होतं.

“घरात पण उतरलंय,” तो म्हणाला.

“वहिनींचं?”

“गणपतीपासून. संध्याकाळी गाल लाल होतात. मी चिडवतो तिला. म्हटलं, लग्नात होतीस तशी दिसायला लागलीस.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “तीही खूश होती रे.”

“खोकला?”

“आहे. म्हटलं, चुलीचा असेल.”

मी त्याला जे करायला हवं ते सांगितलं. आधी फोटो. परळच्या डॉक्टरांचं घर कुठे ते. सुई दुखते पण काही नाही. पूड नाक दाबून घ्यायची. पोरांचेही फोटो काढायचे, त्यात कसूर नको. तो ऐकत होता की नाही कळेना.

“बायकांना घेतात तिथे?”

“घेतात. वेगळा वॉर्ड आहे.”

“तू येशील बरोबर?”

“येईन. उद्याच जाऊ.”

“उद्या कशाला?” तो म्हणाला, आणि वळला, आणि धावायला लागला. उताराच्या बाजूला, आलो होतो त्याच रस्त्याने खाली. छातीवर नंबराचं फडकं तसंच होतं. वळणावर उभा असलेला स्वयंसेवक हात करून ओरडला, “अहो पाहुणे, वाट चुकलात, देऊळ वर आहे!” दत्तारामने वळूनही पाहिलं नाही. त्याला इतकं चांगलं धावताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी मागून चालत उतरलो. बाजारात पोचलो तेव्हा स्टँडवर एस.टी. सुरू होऊन उभी होती, आणि गाडीच्या दारात एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून दत्ताराम कंडक्टरशी भांडत होता. गाडीतले सगळे ऐकत होते.

“दोन मिनिटं थांबवा म्हणतोय ना मी. माणूस येतोय माझा. तो बघा, तो. त्याला पळता येत नाही. क्षयातून उठलाय.”

कंडक्टरने घंटी मारली नाही. मी चढलो. गाडी गच्च भरलेली होती, तरी आम्हा दोघांना बसायला अख्खं बाकडं मिळालं.